मेंढ्याची चवळी

तानाजीचा मेंढा दावणीला घमेलंभर शिजलेली चवळी खायचा, आणि ती शिजवून घालणारी त्याची बायको उत्कर्षा सातव्या महिन्याचं पोट घेऊन चुलीपाशी चटणी-भाकरी खायची. आमची त्यांची भिंत एक. त्यामुळं हे रोज बघायला लागायचं.

चवळी तिच्याच हातची. तिनंच बाजरीत पेरली, शेंगा तोडल्या, उन्हात वाळवून बडवल्या, पोतं भरलं. दात हायत तर चणे न्हाईत म्हणतात. इथं दोन्ही होतं, फक्त बाईच्या ताटात पडत नव्हतं.

वडूजच्या दवाखान्यात सिस्टरनं तानाजीसमोरच सांगितलं, हिच्या अंगात रक्त न्हाई. गोळ्या चुकवू नको. घरात चवळी असली तर रोज वाटीभर खा, वर लिंबू पिळ, त्यावर लगेच चहा पिऊ नको. असंच राहिलं तर बाळंतपणात जीवावर बेतंल. तानाजी तेवढा वेळ मोबाईलवर कुणालातरी मेंढ्याचा फोटो दाखवत होता.

घरी आल्यावर सासू धोंडुबाई म्हणाली, चवळी वातूळ, पोटुशीनं खाऊ नये. तानाजी म्हणाला, जत्रेत टकरीला मेंढा उभा करायचाय, दाणा कमी पडून उपयोगाचा न्हाई. दोघांनी मिळून तिच्या तोंडाला मुसकं बांधलं.

महिना गेला. पाण्याची कळशी उचलताना उत्कर्षाला घेरी आली, उंबऱ्यातच बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मेंढ्याच्या पातेल्यात तेल-लसणाची फोडणी ओतली, कांदा-लसूण चटणी मूठभर टाकली, मीठ टाकलं आणि त्यातलंच घमेलं भरून दावणीला ठेवलं. मेंढ्यानं नाक खुपसलं, फुर्रकन शिंकला आणि शिंगानं घमेलं उडवून दिलं.

तानाजी धावत आला. "काय घातलंस गं ह्यात?"

"चटणी."

"मेंढा खाईल व्हय हे?"

"त्याच्यासाठी केलंच न्हाई. पातेल्यात हाय अजून. मी खाणार हाय."

त्यानं हात उगारला. धोंडुबाई मधी आली, तशीच चुलीपुढं जाऊन बसली, भाकरीवर दोन पळ्या चवळी घेतली आणि खायला लागली.

"तुझ्या येळंला मी ह्याचं निस्तं पाणीच प्याले रं," ती म्हणाली. "दाणं तुझा बा खायचा. घे गं पोरी, बस हितं."

मग म्हातारीनं मापट्यानं पोतं मोजून निम्मं केलं. निम्मं सुनेचं. तानाजी दिवसभर अंगणात शिव्या घालत फिरला.

दुसऱ्या दिवशी धुरानं माझे डोळे चुरचुरले म्हणून भिंतीवरनं बघितलं. लग्न झाल्यापासनं ज्यानं पाण्याचा तांब्या हातानं भरून घेतला नव्हता, तो चुलीत फुंकर घालत बसला होता. बिनमिठाची चवळी शिजवत. गावात त्याचं कौतुक झालं, गडी जनावराला लय जीव लावतो.

उत्कर्षा आता लिंबू पिळून वाटीभर खाते. भांडून भांडून तिला मेंढ्याएवढा वाटा मिळाला. त्यावर पारावरची माणसं म्हणतात, तानाजीनं बायकोला डोक्यावर बसवलीय.