सोळा इंची झांज

जोतीरामने खिशातून सुतळीचा तुकडा काढला आणि दुकानाच्या काचेच्या टेबलावर सरळ करून ठेवला. सुतळीला दोन गाठी मारलेल्या होत्या.

"या गाठीपास्नं त्या गाठीपर्यंत. एवढी झांज पायजे."

वाशीतल्या त्या वाद्यांच्या दुकानाचा मालक जाफर सुतळीकडे बघत राहिला. मग त्याने पट्टी आणून शेजारी धरली.

"सोळा इंच. म्हणजे क्रॅश सिंबल. काका, लोक मोबाईलवर फोटो दाखवतात. सुतळी आणणारे तुम्ही पहिलेच."

"फोटूत माप कळतं व्हय?"

जाफरने पट्टी खाली ठेवली. तो माळ्यावर चढला.

जोतीराम स्टुलावर बसला. पहाटे पाचपासून दुपारी एकपर्यंत तो कांदा-बटाटा मार्केटमध्ये होता. गेली तीस वर्षे रोज असायचा. पाटण तालुक्यातून आला तेव्हा पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन तो धावायचा. आता चालायचा, आणि गोणी उतरल्यावरही मान थोडा वेळ वाकलेलीच राहायची. पण इतक्या वर्षांत त्याच्या हातून मालाचे नुकसान झाले नव्हते. शेजारच्या मार्केटातले व्यापारीही अंड्यांचे ट्रे असले की त्यालाच हाक मारत.

नुकसान झाले ते घरात, जूनमध्ये. त्याची मुलगी ज्ञानेश्वरी सतरा वर्षांची होती आणि ड्रम वाजवायची. घणसोलीतल्या त्यांच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाजाची तक्रार झाली, तेव्हा ड्रम चौथ्या मजल्यावरून तळमजल्याच्या पंपाशेजारच्या खोलीत हलवायचे ठरले. जोतीरामने कुणालाही हात लावू दिला नाही. घरात हमाल असताना दुसरा कशाला, असे म्हणून त्याने सगळे आपल्या पद्धतीने बांधले. सपाट माल खाली, बोजा वर. झांज पोत्यात तळाला गेली आणि तिच्यावर लोखंडी स्टँड आले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने दम घ्यायला पोते टेकवले. खाली जाऊन उघडले, तर झांजेच्या काठाला चार बोटे चीर गेलेली.

ती झांज ज्ञानेश्वरीने दोन गणेशोत्सव बेंजो पार्टीत वाजवून, स्वतःच्या कमाईतून घेतली होती. तिने ती उचलली, काठावर नखाने टिचकी मारली आणि कान लावून ऐकले.

"असू दे, पप्पा," ती म्हणाली.

त्यानंतर आता तीन महिने झाले होते. ती जेवायला वाढायची, विचारले तर उत्तर द्यायची. पण दिवसभर काय झाले ते सांगणे बंद झाले होते. पूर्वी तो भाकरी खाताना ती ताटाच्या काठावर बोटे वाजवत बडबडायची, आणि गप बस जरा, असे त्याला रोज म्हणावे लागायचे. आता म्हणावे लागत नव्हते.

परवा बायकोने, शालनने, त्याला सांगितले होते, "रविवारी तिची परीक्षा हाय. कुठला तरी ग्रुप हाय, त्यात ड्रमवाल्याची एकच जागा. ड्रम तितलंच असत्यात म्हणं, झांज मात्र ज्याची त्यानं न्यायची. ती फुटकीच घिऊन निघालीय."

काल दुपारी ती कॉलेजात असताना जोतीरामने पलंगाखालून फुटकी झांज काढून सुतळीने मापली होती.

जाफर दोन झांजा घेऊन खाली आला. "दोन्ही पितळेच्या, शिकणाऱ्यांसाठी. तुम्ही सांगितलेल्या पैशात एवढंच बसतं. काशाची मागाल तर एवढ्यात फोटोच मिळेल, मग तुमची सुतळी कामाची नाही."

दोन्ही सोळा इंची होत्या आणि भावही एकच होता. जोतीरामने एकेक तळहातावर तोलली. दुसरी चांगलीच वजनदार होती.

"ही भरल्याली हाय."

"काका, हे तांदूळ नाहीत. जाड वेगळी वाजते, पातळ वेगळी. मुलगी काय वाजवते?"

"समदं वाजवती."

जाफरने काठीने दोन्ही वाजवून दाखवल्या. मार्केटमधला आवाज अजून डोक्यात होता. त्यात हे दोन आवाज मिसळले आणि जोतीरामला त्यांत काही फरक लागला नाही. त्याच पैशात जास्त माल मिळत असताना कमी उचलावा, असे त्याला कुणी कधी शिकवले नव्हते.

"जड द्या."

"घरी दाखवा. नको असली तर आठ दिवसांत बदलून देईन. फक्त ओरखडा पडू देऊ नका, मग मला ती कंपनीला परत करता येत नाही."

"ओरखडा कशाला पडंल," जोतीराम म्हणाला. बसमध्ये त्याने ती मांडीवर दोन्ही हातांनी धरली, नैवेद्याचे ताट धरावे तशी.

घणसोलीच्या स्टॉपवर उतरल्यावर मात्र तो सरळ घरी गेला नाही. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर पोपट बसायचा. कुकरचे दांडे बसवायचा आणि भांड्यांवर नावे घालायचा. जोतीरामच्या घरातून पोपटकडून नाव घालूनच बहिणीच्या लग्नाला हंडा गेला, भाच्याच्या बारशाचे वाटी-चमचे गेले, मेहुण्याच्या वास्तुशांतीला परात गेली. बिननावाची वस्तू म्हणजे नुसती बाजारातून आणलेली वस्तू. नाव घातले की ती भेट होते. ओरखडा आणि नाव या एकाच जातीच्या गोष्टी आहेत, हे त्याच्या मनातही आले नाही.

पोपटने झांज उलटसुलट पाहिली. "ताटाला मधी भोक? आमटी गळंल की, लेका."

"झांज हाय. पोरीची."

"मग दुसरी कुठाय?"

"हिची एकटीच असती. काठीनं वाजवत्यात."

"काय एकेक. बरं, काय घालू?"

"चि. ज्ञानेश्वरी हिस वडिलांकडून सप्रेम भेट."

"वडिलांचं नाव?"

"एकच बाप हाय तिला. नाव कशाला घालतूस."

पोपटने मशीन सुरू केले. ठिपक्याठिपक्यांची अक्षरे काठाच्या गोलाईने उमटत गेली. शेवटी तारीख घालून त्याने फडक्याने पुसले. "वजनदार हाय बरं का."

"मुद्दाम घेतली," जोतीराम म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला बरे वाटले.

ज्ञानेश्वरी पाचला आली. पलंगावरचे वर्तमानपत्र तिने उलगडले. झांज पालथी होती. ती तशीच उचलून तिने काठावर नखाने टिचकी मारली आणि कान लावला. बराच वेळ ती ऐकत राहिली.

"पप्पा, ही जड आहे."

"व्हय. हलकी पण हुती, त्याच भावात. मी जड घेतली."

ती पलंगाच्या कडेला बसली. "मला मारल्याबरोबर उघडणारी लागते. लगेच वाजली पाहिजे आणि लगेच विरली पाहिजे. ही घंटेसारखी टणटण करत राहणार."

"मग बदलून आणतो. आठ दिवस हाईत. ओरखडा नसला म्हंजी झालं."

तोवर तिने झांज सरळ केली होती. तिने अक्षरे वाचली. दारात उभ्या असलेल्या शालनने तिथूनच मान वाकडी करून वाचली. मग जोतीरामनेही ती पाहिली, आणि जाफर काय म्हणाला होता ते त्याला आता कुठे कळले. तो फ्रीजला पाठ टेकून फरशीवर बसला. मान वर करायचेही त्याच्या जिवावर आले होते.

"अवो, पोरीला इचारायचं तरी," शालन म्हणाली.

"इचारलं असतं तर बोलली असती व्हय ती?"

हे त्याला बोलायचे नव्हते. बोलून झाले होते. शालन आत गेली आणि तिने उगाच नळ सोडला.

"काय बोलणार होते मी?" ज्ञानेश्वरी म्हणाली. "कामावरून येऊन तुम्ही चार मजले सगळं वाहिलं होतं. त्यावर काय बोलू?"

"शिव्या घालायच्या. मार्केटात घालत्यात. माणूस त्यातनं सुटतं."

अक्षरांवरून तिने अंगठा फिरवला.

"हे पुसून मिळतं का बघतो," जोतीराम म्हणाला.

"पुसू नका. हे घातलं कुणी?"

"पोपटनं. भांड्याच्या दुकानावरच्या."

"त्याच्याकडे भोक पाडायचं मशीन आहे?"

"हाय. कुकरचं दांडं बसवतो त्यो."

तिने पलंगाखालून फुटकी झांज ओढून काढली. चीर जिथे थांबली होती तिथे बोट ठेवले. "इथे बारीक भोक पाडलं की चीर पुढे पळत नाही. ड्रमवाले करतात तसं. आवाज थोडा मरतो, पण रविवार निघेल."

"आन ही नवी?"

"ही उजवीकडे लावेन. ताल धरायला जडच बरी पडते."

"खरं सांगतीस का बापाचं मन राखतीस?"

"अर्धं अर्धं."

पोपटकडे जायला तिने चप्पल घातली. नवी झांज पलंगावर ठेवली आणि फुटकी त्याच्या हातात दिली.

"उभी धरा. कडेनं. वर काही ठेवायचं नाही, आणि खाली टेकवायची नाही."

जोतीरामने ती सांगितली तशी धरली. दोन किलोसुद्धा वजन नव्हते, पण असे हात पुढे करून धरायची सवय नसल्याने खांदा लगेच भरून आला. ती पुढे जिना उतरत होती. रविवारी तिथे अजून सहा जण येणार आहेत आणि त्यातल्या एकाकडे काशाच्या चार झांजा आहेत, असे ती सांगत होती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली आणि तिने मागे पाहिले.

"दम घ्यायचा का?"

"टेकवायची नाही म्हणलीस. मग दम कसा घिऊ," जोतीराम म्हणाला. "उतर पुढं. चार झांजांचं काय म्हणत हुतीस?"