इंदुताईंचा कढीपत्ता

भालचंद्ररावांना प्रश्न पडायचे ते नेमके ताटावर बसल्यावर.

"मधू, एका माणसाची रक्षा साधारण किती उरते गं?"

मधुवंतीने हातातली आमटीची वाटी खाली ठेवली. आई जाऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता. "फार नाही बाबा. शरीरातलं बहुतेक सगळं पाणी आणि वायू होऊन निघून जातं. उरतो तो हाडांचा भाग. आणि लाकडांवर दहन केलं की त्यात लाकडाचीच राख जास्त असते."

"म्हणजे पिशवीत इंदू कमी आणि लाकूडच फार."

"हो."

"बरं झालं विचारलं," असं म्हणून त्यांनी भाताला ताक घेतलं.

मधुवंती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. लग्न केलं नाही, त्यामुळे खासगी बाजार नावाच्या पेठेतलं हे घर तिने कधी सोडलंच नव्हतं. भालचंद्रराव एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी ऑडिटचे आक्षेप काढण्यात गेली, तेव्हा शंका विचारल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. त्या दिवसांत शंका एकाच विषयाच्या होत्या. आधीच्या चितेतलं काही आपल्यात मिसळत नाही ना? अस्थी दोन ठिकाणी सोडल्या तर चालतं का? उशीर झाला तर दोष लागतो का? शास्त्रातलं गुरुजी सांगत, विज्ञानातलं मधुवंती. दोघांचं पटलं की भालचंद्ररावांना समाधान वाटे, आणि दुसऱ्या दिवशी नवी शंका तयार असे.

धाकटा अभिराम बंगळुरूला असे. त्याने फोनवरून सुचवलं, की आता अस्थींपासून खडा करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत, हिऱ्यासारखा, अंगठीत बसवता येतो.

"जन्मभर तिला हिऱ्याची कुडी घेऊन दिली नाही," भालचंद्रराव म्हणाले, "आणि आता तिचाच हिरा करू? ठेव फोन."

शेवटी ठरलं ते प्रयागच. मात्र भालचंद्रराव हट्टाला पेटले, की मी स्वतः नेणार. आई गेली त्याच्या महिनाभर आधीच त्यांच्या कमरेच्या हाडाचं ऑपरेशन झालं होतं आणि दिवाळीपर्यंत प्रवास करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वर्षाच्या आत कधीही गेलात तरी चालेल, असा निर्वाळा गुरुजींनी दिला, तेव्हा अभिरामने दिवाळीनंतरची तिकिटं काढली. अस्थी घरात आणायच्या नाहीत, म्हणून अंगणाच्या भिंतीला खुंटी ठोकली. तिच्यावर लाल कापडात बांधलेला अस्थींचा कलश लटकवला आणि शेजारी रक्षेची पिशवी.

इंदुताईंचं स्वतःचं मत वेगळं होतं. एकदा माघात त्या प्रयागला बुडी मारून आल्या, त्या आठवडाभर शिंकत होत्या. तेव्हापासून त्यांचं पालुपद ठरलेलं : "मला मेलीला गंगेत सोडू नका. थंडी वाजते. माझ्या कढीपत्त्याला घाला." सगळे हसत, त्याही हसत.

कढीपत्ता म्हणजे त्यांचा जीव. इंदूरच्या मावशीकडून मुळाशी फुटलेलं एक रोप त्यांनी आणलं होतं. अंगण सिमेंटचं, म्हणून अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लावलं, ते पुरुषभर वाढलं. गल्लीतले सगळे त्याला मीठा नीम म्हणत आणि सगळेच न्यायला येत. पान ओरबाडायचं नाही, अख्खी डहाळी कात्रीने कापायची, आणि कापायची ती इंदुताईंनीच, असा दंडक होता. त्या गेल्यावर कात्री भालचंद्ररावांकडे आली.

दसऱ्याच्या सुमाराला झाड पिवळं पडायला लागलं.

अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडून शेजारच्या सुलोचनाबाईंनी ते पाहिलं. "होतं असं," त्या म्हणाल्या. "घरातलं माणूस गेलं की झाडही खंतावतं. आमचे हे गेले तेव्हा चमेली जळाली होती, पूछा तुम्ही कोणालाही."

सुलोचनाबाईंचे सासरे-आजेसासरे शिंद्यांच्या फौजेत होते. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मुरलेली, की दोन्ही वेगळ्या काढायच्या कुणी! इंदुताईंशी त्यांचं या भिंतीवरून पन्नास वर्षं भांडण आणि देवाणघेवाण चाललेली.

त्यांचं बोलणं भालचंद्ररावांच्या मनात जाऊन बसलं. त्या दिवसापासून ते झाडाशी खुर्ची टाकून बसू लागले. जेवण कमी झालं. दिवाळी झाल्यावर एकदा ताटावर बसले आणि प्रश्न न विचारता म्हणाले, "अभिरामला सांग, तिकिटं रद्द कर."

"का बाबा?"

"तिला जायचं नाहीये. तिनं सांगितलं होतं आणि आपण ऐकलं नाही. मी तिला गंगेत सोडणार, म्हणून झाड रुसलंय. हे झाड गेलं ना मधू, तर ती माझ्यावर रागावून गेली असंच मी समजेन."

रडणाऱ्या माणसापुढे मधुवंतीची नेहमीच पंचाईत होई, आणि बाबा तर रडतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. ती चष्मा लावून झाडाजवळ गेली. खालची जुनी पानं बरी होती. पिवळी पडली होती ती कोवळी, आणि तीही सरसकट नाही. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. म्हणजे मुळांना लोह मिळत नव्हतं. मातीत लोह नसतं असं नाही, पण माती खारवली, चुन्यासारखी झाली, की झाडाला ते उचलता येत नाही. तिने वाकून पाहिलं. मातीवर पांढरट पापुद्रा धरला होता.

कॉलेजातून आणलेल्या परीक्षणाच्या पट्ट्या घरात होत्या. चिमूटभर माती पाण्यात ढवळून तिने पट्टी बुडवली. ती निळीगर्द झाली.

इथलं पाणी जड आहे हे खरं, पण झाड लहानाचं मोठं त्याच पाण्यावर झालं होतं. मग नवीन काय घडलं? ती उभी राहिली आणि तिची नजर समोरच्या खुंटीवर गेली. कलश होता तसाच होता. पिशवी मात्र लुळी पडली होती. गुरुजींनी मारलेली गाठ तिला आठवत होती. आताची गाठ सुरगाठ होती, ऑफिसातल्या फायली बांधतात तशी.

आणि मग तिला ऑगस्टमधली एक संध्याकाळ आठवली. ती पेपर तपासत होती. बाबांनी विचारलं होतं, "राख झाडाला खत म्हणून चालते ना?" मान वर न करता ती म्हणाली होती, "चालते. पोटॅश असतं, चुना असतो, फॉस्फेट असतं." तिन्ही गोष्टी बरोबर होत्या. किती, कुठल्या झाडाला, जमिनीत की ड्रममध्ये, हे त्यांनी विचारलं नव्हतं. तिनेही, कशाला विचारताय, असं म्हटलं नव्हतं. एखाद्या विद्यार्थ्याने एवढंच उत्तर लिहिलं असतं तर तिने निम्मे गुण कापले असते.

ती तिथेच पायरीवर बसून राहिली. थोड्या वेळाने वॉकरचा आवाज करत भालचंद्रराव आले. ती घरात असेल असं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. त्यांच्या हातात चहाचा चमचा होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भालचंद्ररावांनी चमचा सदऱ्याच्या खिशात घातला.

"रोज थोडीशीच घालतो," ते म्हणाले. "कुणाला सांगितलं नाही. झाड पिवळं पडलं तेव्हापासून दोन चमचे."

पाणी जड आहे, ऊन जास्त झालं, असं सांगणं सोपं होतं. मग बाबा रोज दोन चमचे घालत राहिले असते आणि झाड मेलं असतं.

"बाबा, झाड रुसलेलं नाही. आजारी आहे. रक्षेमुळे."

"तू तर म्हणालीस खत असतं."

"म्हणाले. पण अर्धंच सांगितलं. जमिनीत पसरली तर खत, ड्रममध्ये रोज घातली तर क्षार साचतो. कढीपत्त्याला तो सोसत नाही. तुम्ही का विचारताय ते मी तेव्हा विचारायला हवं होतं."

भालचंद्रराव खुर्चीवर टेकले. "म्हणजे ती रागावलेली नाही."

"नाही."

"पण झाड मी मारलं."

"अजून मेलं नाहीये. आणि उत्तर माझं होतं, चमचा तुमचा."

"संयुक्त जबाबदारी," ते पुटपुटले. ऑफिसातला शब्द तोंडात आला तसे त्यांचे खांदे जरा सैल झाले. "वाचेल?"

"खात्री नाही. झाड काढून मुळं धुवायची, फांद्या छाटायच्या, नव्या मातीत लावायचं. वाचेल असं मला वाटतं, पण वचन नाही देत."

"आणि ही माती?"

हा प्रश्न मधुवंतीच्या डोक्यात आला नव्हता.

"यात इंदू आहे," भालचंद्रराव म्हणाले. "ही काय कचरागाडीत टाकायची? अन् ड्रमभर माती घेऊन प्रयागच्या गाडीत कोण चढू देईल?"

ती भिंतीपलीकडे पाहत होती. सुलोचनाबाईंच्या अंगणात मोठा कडुनिंब होता. सकाळभर त्याची सावली इकडे पडे. "कडुनिंबाला चालेल," ती म्हणाली. "मोठं झाड आहे, मुळं खोल गेलीत. अशी माती त्याला सोसते."

"म्हणजे सुलोचनाबाईंना सांगावं लागणार."

"हो."

"पानं नेतात त्या. रोज."

"हो."

"विषारी वगैरे काही नाही ना?"

"नाही बाबा. अजिबात नाही."

"ते तुझ्या हिशेबाने. सोवळ्यात स्वयंपाक करणारी बाई आहे ती."

सांगायला जावं लागलंच नाही. तेवढ्यात भिंतीवर स्टीलची ताटली वाजली. "मधू, दोन डहाळ्या दे गं. पोहे भिजवलेत."

भालचंद्रराव वॉकर धरून उठले. "सुलोचनाबाई, जरा या इकडे. बसा."

"बसायला टाइम कुठाय? तेल टाकलंय कढईत."

"गॅस बंद करून या."

त्या आल्या. भालचंद्ररावांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. स्वतःचं काही गाळलं नाही, फक्त मधुवंतीच्या उत्तराचा उल्लेख केला नाही. तो तिनेच केला. सुलोचनाबाई रिकाम्या ताटलीकडे बघत राहिल्या.

"कब से?" त्यांनी विचारलं.

"भाद्रपद लागल्यापासून."

"म्हणजे पितृपक्षात... ह्यांच्या पानावर वाढलेल्या वरणात..."

सुलोचनाबाईंचा चेहरा आधी ताठ झाला, मग हनुवटी थरथरली आणि त्या एकदम हसायलाच लागल्या. "मेली कुठली! जिवंत होती तेव्हा रोज येऊन माझ्या पातेल्याचं झाकण उघडायची. हिंग कमी आहे सुलोचना, मीठ बघ सुलोचना. गेली, तरी वरणात हात घातलाच तिनं!" हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. मग पदर खाली आला तेव्हा हसू गेलं होतं. "पण भालचंद्रराव, तुम्ही मला पूछायला हवं होतं. माझ्या घरातलं अन्न होतं ते. श्राद्धाचं."

"हवं होतं. चुकलं माझं."

"मी काय नाही म्हटलं असतं?"

"म्हटलं असतं."

"हां," त्या विचार करून म्हणाल्या. "म्हटलंच असतं." त्यांनी पिवळ्या पानावरून बोट फिरवलं. "खड्डा खोल काढा. कुत्री उकरतात. आणि आमच्या गरिमाला बोलू नका. सूनबाई माझे सगळे डबे उठाके फेक देगी."

दोन दिवसांनी अभिराम आला. बॅग ठेवतो न ठेवतो तोच त्याच्या हातात कुदळ दिली गेली. कडुनिंबाखाली त्याने खड्डा काढला. कढीपत्ता ड्रममधून निघाला, त्याची मुळं धुतली आणि फांद्या निम्म्याहून जास्त छाटल्या. नव्या मातीत लावल्यावर ते झाड म्हणजे चार पानांची काठी दिसत होती. मुळं धुतलेलं पाणीसुद्धा भालचंद्ररावांनी वाया जाऊ दिलं नाही. बादली खड्ड्यापाशी न्यायला लावली. माती त्यांनी स्वतःच्या हाताने लोटली. अभिराम काही विचारणार होता, पण मधुवंतीने मान हलवून त्याला थांबवलं.

प्रयागची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. "तिकिटांचं काय करू?" अभिरामने हळूच विचारलं.

"जायचं," भालचंद्रराव म्हणाले. "तिचं म्हणणं अर्धं झालं. अर्धं माझ्या मनाचं. कलशाला मात्र तिची लोकरीची शाल गुंडाळा. पाण्यात सोडेपर्यंत तरी."

हातपाय धुऊन ते खुर्चीवर बसले. समोर काठीसारखं झाड, भिंतीपलीकडे कडुनिंब, खुंटीवर कलश. ते एकामागून एक तिन्हीकडे बघत होते.

"मधू, ती आता नेमकी कुठे आहे म्हणायचं?"

मधुवंतीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. चुना कुठे गेला, फॉस्फेट कुठे जाईल, आणि श्रावणातल्या त्या दहनाच्या दुपारी हवेत काय काय मिसळून गेलं, हे तिला सांगता आलं असतं. ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"का विचारताय, बाबा?"

भालचंद्ररावांनी खिशातला चहाचा चमचा काढला, उलटासुलटा करून पाहिला.

"सकाळी चहा झाला की मी तिच्याकडे यायचो," ते म्हणाले. "उद्यापासून कुठे जाऊन उभं राहायचं, ते कळायला हवं ना."

भिंतीपलीकडे सुलोचनाबाई खड्ड्यावर विटा रचत होत्या. त्यांचे कान तिखट. "इकडे या की," त्या न बघताच ओरडल्या. "पारावर बसा. चहाही इकडेच घ्या. पण सांगून ठेवते, पोह्यांत कढीपत्ता मिळणार नाही. वर्षभर एकही पान तोडायचं नाही म्हणे, तुमची प्रोफेसरीण बोलली आहे."

"हिंग तरी नीट घाला," भालचंद्रराव म्हणाले.

भिंतीपलीकडे विटांचा आवाज क्षणभर थांबला. मग परत सुरू झाला. भालचंद्ररावांनी चमचा मधुवंतीच्या हातात दिला आणि ती तो घासायच्या भांड्यांत ठेवून आली.