अकराला खाली न गेलेल्या बायका

नॉर्थ ऑल्डरबीत दर मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरे आणि ठीक अकराला बायका उठत. कोणाला सांगावं लागत नसे. सव्वीस जणी हातातलं विणकाम खुर्चीवर ठेवून सभागृहाखालच्या स्वयंपाकघरात उतरत, कारण साडेबाराला अख्ख्या गावाचं जेवण मांडायचं असे. त्या खाली मांसाचे काप करत असताना वर तिसरा मुद्दा निघे. तिसरा मुद्दा म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या पंचाची निवड. मतदान चिठ्ठ्यांवर, आणि चिठ्ठी मिळायची ती सभागृहात हजर असलेल्यालाच.

म्हणजे चाळीस वर्षं अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या या बायकांना मताचा हक्क होता आणि चाळीस वर्षं त्या तो एप्रनच्या खिशात घालून जिना उतरत होत्या. हा काही कोणाचा कट नव्हता. इतकी सोयीची गोष्ट कट न करताही टिकते.

१९६० साली त्या मुद्द्यावर दोन नावं होती. एक वेंडेल पाइकचं, अठरा वर्षं पंच. दुसरं लव्हिना थ्रॅशरचं, आणि ती तर स्वयंपाकाच्या पाळीतली.

लव्हिना शाळेची बस चालवायची. मिल ओढ्यावरचा लाकडी पूल इतका खिळखिळा झाला होता की भरलेली बस त्यावर घालायची तिची छाती होत नसे. ती अलीकडे बस थांबवून एकतीस पोरांना उतरवी, रांगेने चालत पलीकडे पाठवी, मग रिकामी बस हळूहळू नेई आणि पोरांना परत वर घेई. दिवसातून दोनदा, चार वर्षं. त्या वर्षीच्या जानेवारीत पलीकडे उभ्या असलेल्या पहिलीतल्या एका मुलीच्या पापण्या गोठून मिटल्या होत्या. त्याआधी दोनदा लव्हिना पंचांकडे जाऊन आली होती. आता तिसऱ्यांदा गेली तेव्हा वेंडेल म्हणाला, "पोरांना तेवढाच व्यायाम." त्या दिवशी तिने घरी येऊन पंचपदासाठी अर्ज भरला. राग आलाच होता, आणि तो तिला बरा वाटला.

आठवड्यापूर्वी चर्चच्या पायऱ्यांवर तिने बायकांना सांगून ठेवलं होतं, की यंदा मत देऊन मग खाली जायचं. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही.

अकरा वाजले. खुर्च्या सरकल्या. बायका उभ्या राहिल्या, कारण पायांना तेच ठाऊक होतं.

"बसा," लव्हिना मागे न वळता म्हणाली.

"बसा काय? भट्टीत घेवडा आहे," तिची थोरली नणंद थर्झा कानाशी येऊन कुजबुजली. थर्झा चौसष्ट वर्षांची. गेली तीस वर्षं स्वयंपाकघर तिच्या हुकमात होतं. मेपलचा पाक घालून पहाटेपासून भट्टीत ठेवलेल्या तिच्या घेवड्यासाठी शेजारच्या गावचे लोक काहीतरी निमित्त काढून येत. "अकराला पाणी घातलं नाही तर तळाला लागेल गं."

"लागू दे."

"तुझं डोकं फिरलंय."

"फिरलंय तर फिरलंय. तू बस."

एकेक करून बायका बसल्या. थर्झा बसली सगळ्यात शेवटी, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर.

सभापती एसाहेल कोबर्न हा काही मूर्ख माणूस नव्हता. त्याने चष्म्यावरून सभागृह पाहिलं, बायका मोजल्या आणि दुसरा मुद्दा लांबवायला घेतला. आधी कुत्र्यांच्या परवान्यांचा अहवाल पुन्हा वाचायला लावला. मग दफनभूमीच्या कुंपणाबद्दल कोणाला काही बोलायचंय का, असं दोनदा विचारलं. कुंपणावर बोलणारे गावात नेहमीच असतात.

साडेअकरा झाले. जमिनीत गरम हवेसाठी बसवलेल्या लोखंडी जाळीतून वास वर येऊ लागला. आधी गोडसर, मग करपट. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, खाली कोणीतरी बघा की."

"लव्हिनाबाई," कोबर्न गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही बायकांनी खालचं उरकून घ्या. तिसरा मुद्दा आपण जेवणानंतर घेऊ, सगळ्यांच्या सोयीने."

जेवणानंतर भांडी असतात, हे कोबर्नला माहीत होतं. सव्वीस बायकांनाही.

लव्हिना खुर्चीवर तशीच बसून राहिली. दोन रांगा पुढे तिचा नवरा ऑरिन बसला होता, त्याची मान ताठ होती आणि कान लाल झाले होते. मागे एकीने उसासा टाकला. दुसरीची खुर्ची करकरली. एक जरी उठली तर बाकीच्या तिच्यामागे जातील आणि पोरं पुढच्या हिवाळ्यातही बर्फातून चालतील, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

आणि थर्झा उठली.

वेंडेल पाइक हसला. कोबर्नने हातातला कागद बाजूला ठेवला. थर्झा खुर्च्यांच्या मधल्या वाटेत आली, जिन्याच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच वळून उभी राहिली. चाळीस वर्षांत ती सभेत एक अक्षर बोलली नव्हती.

"सभापती, मला ठराव मांडायचाय."

"थर्झाबाई, आधी तुमचा घेवडा..."

"जळाला तो. मला इथून कळतंय कुठवर जळालाय ते." तिचा आवाज कापत होता, आणि तिने तो तसाच कापू दिला. "तीस वर्षांत पहिल्यांदा जळालाय, आणि फुकट जळालेला मला चालणार नाही. तिसरा मुद्दा आत्ता घ्या."

"अनुमोदन," ऑरिन म्हणाला. मान त्याने वळवली नाही.

ठरावाला अनुमोदन मिळाल्यावर कोबर्नला तिसरा मुद्दा घ्यावाच लागला. चिठ्ठ्या वाटल्या, गोळा झाल्या, मोजल्या. पाइक चोपन्न, थ्रॅशर सदुसष्ट. म्हणजे पुष्कळ पुरुषांनीही तिचं नाव लिहिलं होतं. ते कोण, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

टाळ्या फारशा झाल्या नाहीत. हात वर करून शपथ घेताना लव्हिनाचे डोळे भरले, ते तिने पुसले नाहीत.

"आता तरी जेवू द्याल का?" वेंडेल चिडून म्हणाला. "का नवीन पंच झाल्या म्हणून गाव उपाशी?"

"वेंडेल," लव्हिना म्हणाली, "आजपासून तुम्हालाच वेळ आहे."

सभागृह एवढं हसलं की वेंडेलला उठणं भाग पडलं. पुरुषाला हरणं परवडतं, हसं होणं नाही. त्याच्याबरोबर त्याचे आठ दोस्त तणतणत जिना उतरले. थोड्याच वेळात खालून भांडी आपटल्याचे आणि कोणीतरी हात भाजून शिव्या घातल्याचे आवाज आले. थर्झा डोळे मिटून बसली होती. "घेवड्याचा तो मोठा सट माझ्या आईचा आहे," एवढंच ती पुटपुटली, पण उठली नाही.

"चौथा मुद्दा," लव्हिना म्हणाली. "मिल ओढ्यावरचा नवा पूल."

कोबर्नने घसा साफ केला. "नऊ जण खाली आहेत, लव्हिनाबाई. त्यांच्यासाठी थोडं थांबावं, हे बरं दिसेल."

सगळ्या बायकांनी एकाच वेळी त्याच्याकडे पाहिलं. कोबर्नचा चेहरा हळूहळू उतरला. स्वतः चालवलेल्या चाळीस सभा त्याला बहुधा एकामागून एक आठवत असाव्यात.

"पुलाच्या बाजूने असतील त्यांनी होय म्हणा," तो म्हणाला.

खिडक्यांची तावदानं थरथरली.

"विरोधात असतील त्यांनी नाही म्हणा."

सभागृह गप्प राहिलं. मग जमिनीतल्या जाळीतून वेंडेलचा आवाज आला, खोल, करपट धुराने खोकणारा. "नाही! माझं नाही धरा, एसाहेल!"

कोबर्नने जाळीकडे पाहिलं. मग तो खाली वाकला आणि हे आजवर कोणालाच सांगावं लागलं नव्हतं अशा सुरात म्हणाला, "स्वयंपाकघरातलं मत धरत नाहीत, वेंडेल."