तांडेल सुकेपर्यंत

सोमवारी सकाळी कुमुद खवणेकरने बाबुली तांडेलाच्या मचव्याच्या हातभर लांबीच्या नमुन्यावर वार्निशचा दुसरा हात मारला आणि दुपारच्या आत तांडेल स्वतः चिकट झाला.

तो बायकोसकट कुमुदच्या कारखान्यात आला. कारखाना म्हणजे मालवणच्या बंदरावरची एक लांबट खोली. कुमुद तिथे होड्यांचे हुबेहूब छोटे नमुने करी. तांडेलाच्या मनगटाला कावळ्याचं पीस लागलेलं होतं, पाठीला कॅलेंडरचं पान, आणि डाव्या खांद्यावर बायकोचा, रुक्मिणीकाकीचा, उजवा तळवा.

"पाठीचा पान काढूक गेलंय," काकी म्हणाली, "तर हातच अडाकलो."

"रॉकेल लावून बघितलात?"

"बघितलंव. ह्या बघ काय झाला ता."

तांडेलाने कोपर पुढे केलं. तिथला रंग गेला होता आणि आत सागाच्या उभ्या रेषा दिसत होत्या.

"परत लावू नकात," कुमुद म्हणाली. "कच्च्या वार्निशाक रॉकेल लावल्यार रंग उठता. मगे होडयेर लिवलेला नावय जाता."

तिने नमुना उचलला आणि तळाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, अंगठ्याचं नख दाबलं. तांडेलाने पाय झटकला. नखाची चंद्रकोर उमटली. वर साय धरली होती आणि खाली सगळं ओलं होतं.

"चूक माझी. पयलो हात सुकाच्या आधी दुसरो मारलंय. हवेत दमटपणा असताना दोन दिवस थांबूक होया हुता." तिचा आवाज जराही हलला नाही. वीस वर्षांत तिच्या हातचा एकही नमुना कच्चा बाहेर गेला नव्हता. "शुक्रवारी सकाळी तुमी सुटतालात."

शुक्रवारीच सुटायला हवं होतं. त्या दिवशी तांडेल आपला खरा मचवा देवगडच्या नव्या मालकाकडे शेवटचा हाकून नेणार होता. नमुना त्याने त्यासाठीच करायला टाकला होता, घरात काहीतरी उरावं म्हणून. आणि काकीने उभ्या जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता. तिचे वडील दर्यावर गेले ते आलेच नाहीत. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याला निरोप द्यायलाही ती कधी धक्क्यावर उतरली नव्हती.

कुमुदकडे सुकवायची प्लायवूडची पेटी होती. खाली-वर भोकं, आत साधा पिवळा बल्ब. ओल ओढून घ्यायला तिने बशीत चुनकळी ठेवली, नमुना आत ठेवला आणि दार लावलं. तांडेलाला उजव्या अंगाने घाम फुटला.

"गो कुमुद, माका जरा फिरव. एकाच कुशीक भाजता."

तिने नमुना फिरवला. मग दर्याकडची खिडकी उघडली. "वार्निशातला पातळ खंय तरी जावकच होया. ता भायर गेल्याशिवाय वार्निश घट्ट होणा नाय."

चार दिवस दोघं सकाळी यायची, दारातून आडवी होऊन आत शिरायची आणि बाकावर बसायची. धूळ उडू नये म्हणून कुमुदने केर काढणं बंद केलं होतं. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती दोघं बोलायला लागली. घरात त्यांचं बोलणं मीठ, मासळी आणि पाऊस एवढ्यावरच भागत असे.

"दर्यार एकटे असताना काय करतास?" काकीने एकदा विचारलं.

"तुझ्याशी भांडतंय."

"आणि जिंकतास?"

"थंय नेमान जिंकतंय."

काकी हसली, तशी तिच्या तळव्याखाली तांडेलाचा खांदाही हलला. तिला त्याची नाडी हाताला लागत होती. ती चुकत-माकत चालत होती, पण चालत होती. हे तिला आधी ठाऊक नव्हतं.

मंगळवारी बंदरभर टर्पेंटाइनचा वास सुटला. बुधवारी वल्ही पाण्यातून वर आली ती पाण्याच्या चिकट तारा ओढत. लाटा सावकाश येऊ लागल्या आणि परत जायला फार वेळ घेऊ लागल्या. दुपारी मच्छीमार सोसायटीचा लवू परब दारात येऊन उभा राहिला.

"खिडकी बंद कर, कुमुद. जाळी पाण्यात सुटणत नाय."

"खिडकी बंद केलंय तर तांडेलकाका सुकाचे नाय."

लवूने बाकावर बसलेल्या दोघांकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. "किती दिवस?"

"परवा सकाळपर्यंत."

"मगे उघडीच ठेव," तो म्हणाला आणि जायला वळला. पण त्याच्या चपला उंबऱ्याला चिकटल्या होत्या. त्या तिथेच सोडून तो अनवाणी गेला.

गुरुवारी आलेली लाट परत गेलीच नाही. बंदरात आवाज राहिला नाही. एक बगळा पाण्यावर उतरला आणि उभा राहिला. लोक घराबाहेर पडेनात. पायऱ्या तळवे धरून ठेवत होत्या. काही घरांची दारं सकाळी उघडली गेली, ती लावता येईनात. कुमुदच्या हाताला टेबल हळूच ओढून पाही. तिने हात टेबलावर टेकवणं बंद केलं. सोमवारी नमुना फिरवल्यावर पेटीचं दार मात्र तिने एकदाही मध्येच उघडलं नाही. घाईने उघडलेल्या पेटीने आजवर कुणाचं भलं केलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने नमुना बाहेर काढला, तळाशी नख दाबलं. काही उमटलं नाही. आणखी जोर दिला, नखच वाकलं. मचव्याच्या अंगात खिडकीची चौकट सरळ, स्वच्छ दिसत होती.

तांडेलाच्या मनगटावरचं पीस आपोआप खाली पडलं.

"आता ओढा, काकी."

काकीने हात ओढला. सुकी डहाळी मोडावी एवढाच आवाज झाला आणि हात सुटला. तिने तळवा उलटसुलट करून पाहिला. बोटं उघडली, मिटली.

"सुटलंस," तांडेल म्हणाला. तो उभा राहिला. त्याचं सगळं अंग नव्यासारखं चकाकत होतं. "जातंय मी. भरती चुकात."

तो दारापर्यंत पोचला तोच काकी मागून गेली आणि तिने तळवा पुन्हा त्याच्या खांद्यावर ठेवला. तो चिकटला नाही. घसरत होता. तिला तो घट्ट धरून ठेवावा लागला.

"देवगडाक किती वेळ लागता?" तिने विचारलं.

"दर्या बरो असलो तर सांज होता."

"असांदे."

कुमुद त्यांच्यामागून धक्क्यावर गेली. काकीने साडीचा काठ उचलला, फळीवर पाय ठेवला आणि खाली न बघता मचव्यात उतरली. लवू परबने बांबू लावून मचवा धक्क्यापासून सोडवला. इंजिन धडधडलं. तांडेल सुकाणूवर होता. ती त्याच्या मागे उभी होती, हात खांद्यावर.

मचवा निघाला. त्याच्या मागे वार्निशासारखं घट्ट झालेलं पाणी दुभंगलं आणि मिटलं नाही. धक्क्यापासून एक सरळ रेघ पडत गेली, तळापर्यंत खोल, काठ स्वच्छ, कुठे बुडबुडा नाही की ओघळ नाही. कुमुदने ती डोळे बारीक करून पाहिली आणि मान डोलावली. हात चांगला बसला होता.

मचवा बोटाएवढा झाला, मग नखाएवढा. खाली त्या रेघेच्या तळाशी, ओल्या वाळूवरून, एक कुर्ली तिरकी चालत निघाली होती. मध्यावर येऊन ती थांबली आणि तिने दोन्ही नांग्या वर केल्या.