मार्जोरीच्या घराहून जुनं

समोरच्या मार्जोरी फेनचं घर सरकारने जुन्या वास्तूंच्या जतनाच्या यादीत घेतलं, तेव्हापासून एनिडला अन्न गोड लागेना. नेदर ऑक्सले गावात माणसं स्वतःचं वय लपवतात आणि घराचं मिरवतात. मार्जोरी तर चर्चच्या केकविक्रीतही सुरू व्हायची, "साडेतीनशे वर्षांपूर्वी राजाचं डोकं उडालं, ते आमच्या घरानं पाहिलंय, बरं का!"

एनिडचं घर दिसायला साधं, विटांचं. न्हाणीघर वरच्या मजल्यावर आणि जिना शिडीसारखा उभा. नवऱ्याचे, विल्फचे, गुडघे कामातून गेलेले. म्हणून मागची भिंत फोडून तळमजल्यावर झोपायची खोली आणि न्हाणीघर बांधायचं ठरलं होतं. विल्फ त्याच आशेवर दिवस काढत होता.

अशात स्वयंपाकघराचा गिलावा पडला आणि आतून ओक लाकडाची काळी तुळई डोकावली.

"झाक ते," विल्फ म्हणाला. "यादीत गेलो तर खिळा ठोकायलासुद्धा परवानगी लागते. आधी खोली होऊ दे, मग काय ते उकर."

"आणि तोवर त्या मार्जोरीनं आपल्या डोक्यावर मिऱ्या वाटायच्या?"

"वाटू दे की. आपलं काय जातंय?"

एनिडचं बरंच काही जात होतं. तिने दुसऱ्याच दिवशी जतनखात्याच्या साहेबाला बोलावलं. तो माळ्यावर सरपटत गेला आणि कोळ्याची जाळी लेवून हर्षभरित खाली आला. विटा म्हणजे नुसता वरचा अंगरखा होता. आतल्या वाशांवर धुराडी येण्याआधीच्या चुलींची काजळी होती. घर मार्जोरीच्या घराहून दोनशे वर्षांनी जुनं निघालं.

त्या रविवारी प्रार्थना संपताच एनिडने फाटकातच मार्जोरीला गाठलं.

"दोनशे वर्षं, मार्जोरी! तुमचं म्हणजे आमच्यापुढं शेंबडं पोर."

मार्जोरीचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. एनिड त्या दिवशी दुपारी दोनदा जेवली.

महिन्याभरात घर यादीत गेलं आणि खोलीचा निकाल आला. मागची भिंत तर सगळ्यांत जुनी, कुडाची. तिला धक्का लावायचा नाही. खोली रद्द. विल्फने ते ऐकलं आणि जिन्याला पाठ लावून, बसल्या बसल्या एकेक पायरी वर सरकू लागला. एनिड खाली उभी राहून बघत होती. तिला रडू आलं, पण चूक कबूल करायला जीभ उचलेना.

मार्जोरी हार मानून बसणारी नव्हती. तिने घर लंडनच्या एका हौशी जोडप्याला विकलं आणि गावाच्या टोकाला नव्या बैठ्या घरात राहायला गेली. मग बिस्किटांचा डबा घेऊन आली.

"विल्फ, तुम्ही शनिवारी अंघोळीला आमच्याकडेच येत जा. जिन्याची कटकट नाही. नळ सोडला की वाफाळतं पाणी."

"काही गरज नाही," एनिड फणकारली.

"येतो," विल्फ म्हणाला.

शनिवारी तो गेला आणि बऱ्याच दिवसांनी शीळ घालत परतला. गाल गुलाबी झाले होते.

"काय घर आहे, एनिड!"

"कालचं तर आहे. त्याला घर म्हणतात होय?" एनिडच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने त्याच्या हातातला ओला टॉवेल हिसकावून घेतला. त्याला मार्जोरीच्या साबणाचा वास येत होता.