तिसरा चंद्र

चाळीस वर्षांपूर्वी मास्तरांनी आपल्या पहिल्याच विज्ञानकथेत घोळ घातला होता. परग्रहाच्या आकाशात पहिल्या पानावर दोन चंद्र होते, शेवटच्या पानावर तीन. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला चंद्र मोजता येऊ नयेत, यावरून मासिकाच्या वाचकांनी पत्रांतून त्यांची सालटी काढली. पुढे त्यांनी अकरा पुस्तकं लिहिली, पण दोनाचे तीन कधी होऊ दिले नाहीत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

आणि आज त्याच मासिकात, त्यांच्याच घरी बसून लिहायला शिकलेल्या भाचीच्या पहिल्या कथेत तिसरा चंद्र उगवला. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंक तिथंच मिटून ते तडक कचेरीत पोचले.

"छापायला दिलेली माझी कादंबरी परत करा," ते संपादकबाईंना म्हणाले. "लिहिणं बंद. घरचीच माणसं टिंगल करायला लागली."

बाईंनी वाद घातला नाही. स्टुलावर चढून त्यांनी जुन्या अंकांचे गठ्ठे काढले. "मास्तर, आमचे अंक वाचता का कधी?"

"त्या पत्रांनंतर नाही. हा भाचीचा म्हणून घेतला."

"मग बसा जरा."

त्या जुन्या अंकांत एका लेखकानं गणित मांडलं होतं: तिसरा चंद्र इतक्या लांबट कक्षेत फिरतो, की एकोणीस वर्षांतून एकदाच दिसतो. ते वाचून दुसरीनं तिथं यान उतरवलं होतं. तिच्या यानातली माणसं तिसऱ्यानं तिथं वसवली होती. आणि भाचीच्या कथेत त्यांची नातवंडं शाळेत पहिला धडा गिरवत होती: आपला चंद्र सगळ्यात आधी एका मास्तरांना दिसला.

खोट काढायचीच म्हणून मास्तरांनी कक्षेचं गणित पुन्हा करून पाहिलं. चोख होतं. ज्या चुकीपायी चाळीस वर्षं मान खाली घातली, तिच्यावर या पोरांनी अख्खं गाव वसवलं होतं. मास्तरांचा ऊर अभिमानानं भरून आला.

"मग, कादंबरी देऊ परत?" बाईंनी विचारलं.

"द्याच," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "तिच्यात दोनच चंद्र लिहिलेत मी."