यामिलेचा जोडीदार

आम्ही क्युबातून मायामीत आलो तेव्हा मुलीचा पंधरावा वाढदिवस, आमच्याकडचा लग्नाइतका मोठा सोहळा, म्हणजे शेजारणीने शिवलेला झगा, घरचा केक आणि चर्चच्या सभागृहात चौदा जोड्यांचा वाल्ट्झ. तो नाच बसवून देणं हा माझा धंदा. मग समुद्रातून कोकेनची पांढरी पावडर यायला लागली आणि गावाचे डोळेच फिरले. किनाऱ्यावर काचेचे मनोरे उभे राहिले, त्यांतल्या निम्म्या घरांत दिवासुद्धा लागत नाही. वाढदिवसाला मुली आधी रथातून, मग भल्यामोठ्या बनावट शिंपल्यातून अवतरू लागल्या. मी नाकं मुरडायची आणि बोलावलं की जायची.

तालमीला येणारे मुलगे पेंगत यायचे. गळ्यात सोन्याच्या साखळ्या, तळहातांना दोराचे फोड. माझा मुलगा ओरेस्तेसही त्यांतलाच.

"कुठे होतास रे?"

"मासे धरायला."

"आणि मासे कुठेत?"

"आई, तू पावलं मोज ना!"

रात्री माल आणणाऱ्या त्या बोटी एलादिओच्या. चर्चचं नवं छप्परही त्याचंच, त्यामुळे पाद्रीसुद्धा त्याला वाकून भेटायचा. त्याच्या मुलीच्या, यामिलेच्या पंधराव्या वाढदिवसाला तिचा जोडीदार होता ओरेस्तेस. त्या आठवड्यात तो पुन्हा बोटीवर गेला, शुक्रवारी परत येणार होता. शनिवारी संध्याकाळी हॉल भरला तरी त्याचा पत्ता नव्हता.

मी एलादिओला कोपऱ्यात गाठलं. "माझा पोरगा कुठाय?"

"अगं, समुद्र खवळलाय. येईल. तू सुरू कर."

"तो आल्यावर करू."

"नेरेइदा, पाहुणे खोळंबलेत. चारचौघांत तमाशा नको." असं म्हणून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हा माणूस कधी कुणाशी इतक्या हळुवारपणे बोलला नव्हता. मी त्याचा हात बाजूला केला. पण सांगू कुणाला? पोलिसांकडे जावं तर पोरगा सुखरूप असला तरी तुरुंगात जाणार.

शिंपला उघडला. यामिले बाहेर आली, रंगरंगोटीखाली डोळे सुजलेले. तेरा मुलांनी आपापल्या मुलींचे हात धरले. तिचा हात मात्र तसाच हवेत. बँड सुरू झाला, कुणी जागचं हलेना. मला ते बघवेना. मी पुढे झाले आणि तिचा हात धरला. मुलग्यांची पावलं मीच तर शिकवते.

हॉलमध्ये हशा पिकला, टाळ्या पडल्या. "वा, बाई, वा!" कुणीतरी ओरडलं. त्यांना वाटलं, हेही कार्यक्रमातच आहे.

"रडू नकोस गं," मी पुटपुटले. "येतोय तो."

"बाई," तिने माझ्या कानाशी तोंड आणलं, "बोट पेटली. कुणीच वाचलं नाही. बाबांना सकाळीच कळलंय. वाल्ट्झ होईपर्यंत तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले."

पाय आपले फिरत राहिले. तिचं बोलणं मी ऐकलंच नाही, असं मी ठरवलं. पोर आहे, काहीतरी चुकीचं ऐकलं असेल.

शेवटचा सूर वाजला. टाळ्यांच्या गदारोळात एलादिओ खुर्चीवरून उठला, कोट नीट केला आणि माझ्याकडे चालत यायला लागला. त्याच्या मागे पाद्रीही होता.

मी यामिलेचा हात सोडला नाही. बँडवाल्यांकडे वळून ओरडले, "थांबू नका! पुन्हा पहिल्यापासून वाजवा!"